तारामती ते वागळ्यांचे घर : दुर्गा खोटे यांची सहा दशके

दुर्गा खोटे हे नाव निघाले की त्यामागोमाग एक ठरलेले वाक्य येते. चित्रपटात काम करणारी ही पहिली कुलीन, सुशिक्षित मराठी स्त्री. सत्काराच्या भाषणांत आणि स्मरणलेखांत हे वाक्य इतक्या वेळा आले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. तपासले तर ते पूर्णपणे टिकत नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत यांनी पार्वती साकारली आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली, तेव्हा दुर्गा खोटे आठ वर्षांच्या होत्या. रंगभूमीवर आणि गाण्याच्या बैठकीत तर गोमंतकाच्या कलावंत घराण्यांतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या उभ्या होत्या. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर लहानपणीच नाटक कंपनीत दाखल झालेल्या होत्या. या साऱ्यांना आधी कुलीनतेच्या बाहेर काढावे, तेव्हा कुठे ते ठरलेले वाक्य उभे राहते. गोव्याच्या वाचकाला ते थोडे खटकायला हवे.

दुर्गाबाईंचे मोठेपण सांगण्यासाठी त्या वाक्याची गरजही नाही. त्यांच्या कारकिर्दीचा धागा हाती घ्यायचा तर घरखर्चाच्या हिशेबापासून सुरुवात करावी लागते. कलेची ओढ त्यांना होतीच, परंतु पडद्यावर त्यांना आणले ते गरजेने. आणि एकदा आल्यावर आपण कोणासाठी, किती काळ आणि कोणत्या अटींवर काम करायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी शेवटपर्यंत दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही. त्या काळात ही गोष्ट कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याहून कठीण होती.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे नाव विटा लाड. लाड कुटुंब मूळचे गोव्याचे आणि घरात कोकणी बोलली जाई. पोर्तुगीज राजवटीतील गोव्यातून शिक्षणासाठी, वकिलीसाठी, व्यापारासाठी मुंबईला जाऊन स्थिरावलेल्या अनेक सारस्वत कुटुंबांपैकी हे एक. वडील पांडुरंग शामराव लाड नामांकित सॉलिसिटर होते, आईचे नाव मंजुळाबाई. गिरगावात, कांदेवाडीत, माणसांनी भरलेल्या एकत्र कुटुंबात विटाचे बालपण गेले. शिक्षण मात्र चाळीतल्या मुलींना मिळत असे त्याहून फार वेगळे. कॅथीड्रल हायस्कूल आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालय. घरात कोकणी, गिरगावच्या रस्त्यावर मराठी आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत ही मुलगी वाढली. बोलपटांचे युग येताच शुद्ध वाणीला केवढे मोल येणार आहे, याची कल्पना त्या वेळी कोणालाच नव्हती.

महाविद्यालयात असतानाच, विशी ओलांडण्यापूर्वी, त्यांचे लग्न झाले. सासरचे खोटे घराणे मुंबईतील श्रीमंत, मोठे आणि एकत्र. पती विश्वनाथ खोटे हे बनारस हिंदू विद्यापीठाचे यंत्र-अभियंता. बकुळ आणि हरीन हे दोन मुलगे झाले. इथपर्यंतची कहाणी त्या काळातील कोणत्याही सुखवस्तू घरातील सुनेची म्हणता येईल. पुढे खोटे घराण्याची सुबत्ता ओसरली आणि संसाराचा भार दुर्गाबाईंवर आला. ऐन तारुण्यात वैधव्यही वाट्याला आले. पदरी दोन लहान मुले, शिक्षण अर्धवट राहिलेले. माहेरचा आधार होता, पण मुलांना घेऊन कायमचे कोणाच्या तरी ओसरीवर बसायचे त्यांच्या मनात नव्हते. मिळवायला हवे होते. मध्यमवर्गीय मराठी स्त्रीला १९३१ साली मिळवण्याच्या वाटा किती होत्या, याचा विचार केला म्हणजे पुढचा निर्णय समजतो.

पहिली संधी आली ती चांगल्या रूपात आली नाही. दिग्दर्शक मोहन भवनानी यांना ‘फरेबी जाल’ या चित्रपटासाठी नवा चेहरा हवा होता. हा निरोप आला होता दुर्गाबाईंच्या बहिणीसाठी, शालिनीसाठी. तिने नकार दिला आणि बहिणीचे नाव सुचवले. मूकपटाचा काळ संपत होता, बोलपट नुकताच अवतरला होता, आणि हा चित्रपट त्या दोहोंच्या सीमेवरचा. दुर्गाबाईंचे काम त्यात छोटेसे होते. संपूर्ण चित्रपटात काय आहे याची त्यांना नीट कल्पनाही नव्हती. चित्रपट झळकला आणि गिरगावात काहूर उठले. लाडांची मुलगी, खोट्यांची सून, आणि असल्या चित्रपटात! दोन्ही घरांची नाचक्की झाली. पैशांची निकड तर तशीच होती. चित्रपटसृष्टीत पुन्हा पाऊल टाकायचे नाही, असे ठरवण्यासारखीच ती वेळ.

तोच ‘फरेबी जाल’ व्ही. शांताराम यांच्या पाहण्यात आला. त्यांना त्या थोड्या वेळाच्या भूमिकेत तारामती दिसली.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली होती. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे पाच भागीदार. मूकपटांत त्यांनी नाव कमावले होते आणि आता मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत हरिश्चंद्राची कथा बोलपटात आणायची होती. बोलपटाने एक मोठीच उलथापालथ केली होती. मूकपटांच्या कित्येक लोकप्रिय नायिका अँग्लो-इंडियन किंवा ज्यू समाजातील होत्या. पडद्यावर बोलायचे नव्हते तोवर भाषेची अडचण नव्हती. आता पौराणिक राणीच्या तोंडी स्वच्छ मराठी हवे, आणि गाताही आले पाहिजे. पार्श्वगायन अजून आलेले नव्हते. नटीने कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता गायचे, वादकांनी चौकटीबाहेर बसून साथ करायची, आणि मायक्रोफोन कुठेतरी आडोशाला दडवायचा. एकाची चूक झाली की सगळे पुन्हा. शिवाय प्रत्येक प्रसंग दोनदा, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत.

बदनामीचा घाव ताजा असताना दुर्गाबाई मुंबई सोडून कोल्हापूरला गेल्या. ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई तारामती. संगीतही टेंब्यांचेच. ज्या गिरगावाने काही महिन्यांपूर्वी नाक मुरडले होते, त्याच गिरगावात लोक ही तारामती पाहायला रांगा लावू लागले. सत्त्वासाठी राज्य, पती आणि पुत्र गमावणारी राणी. दोन मुलांसाठी घराबाहेर पडलेल्या बाईने ती उभी करावी, हा योगायोग प्रेक्षकांच्या लक्षात आला असेल वा नसेल, भूमिकेत मात्र तो उतरला. पहिला मराठी बोलपट म्हणून ‘अयोध्येचा राजा’ ओळखला जातो. ‘आलम आरा’ नष्ट झाल्यामुळे, आज प्रत्यक्ष पाहता येणाऱ्या भारतीय बोलपटांतही तो सर्वांत जुना मानला जातो. सत्तावीस वर्षांच्या दुर्गाबाईंचा आवाज म्हणूनच आजही ऐकता येतो.

त्या वेळी मराठी माणूस तीन राजवटींत विभागला गेला होता. कोल्हापूर हे छत्रपतींचे संस्थान. तिथून दक्षिणेला निपाणी, बेळगाव आणि राजहंसगडाच्या पायथ्याचे येळ्ळूर हा टापू इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. घाट उतरून गोव्यात आले की पोर्तुगीज. राज्यपुनर्रचना आणि सीमाप्रश्न अजून दोन तपांहून अधिक दूर होते. या तिन्ही मुलखांच्या मराठी माणसाला पडद्यावरून आपली भाषा प्रथमच ऐकू येणार होती, आणि ती बोलणारी राणी एका कोकणी घरात वाढलेली होती, ही गोष्ट सीमाभागातील आणि गोव्यातील वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्याच वर्षी प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी किलोतला झाल्या. नाथसंप्रदायाची ही कथा मराठी घरांना पाठ. मच्छिंद्रनाथांना मोहात अडकवणारी राणी, शेजारी पाळीव चित्ता घेऊन सिंहासनावर बसलेली. तारामतीच्या अश्रूंनंतर इतक्या लवकर हा रुबाब दाखवायला मिळणे हे भाग्यच. उंच अंगकाठी, ताठ मान आणि थेट रोखलेली नजर हे दुर्गाबाईंचे भांडवल या चित्रपटात प्रथम पुरेपूर वापरले गेले.

इथे त्यांच्या कारकिर्दीतला महत्त्वाचा मुद्दा येतो, आणि चित्रपटप्रेमी तो सहसा चटकन ओलांडून जातात. त्या काळी कलावंत हे कंपनीचे पगारी नोकर असत. महिन्याला ठरलेला पगार, काम असो वा नसो हजेरी, कंपनी सांगेल ती भूमिका, आणि दुसऱ्या कंपनीत काम करायला मनाई. नोकरीची शाश्वती होती, पण तिच्यासोबत दावेही होते. प्रभातमध्ये एवढे यश मिळाल्यावर दुर्गाबाईंनी तिथेच कायमचे राहणे ही सगळ्यात सोपी गोष्ट होती. त्या राहिल्या नाहीत. एका चित्रपटाचा करार करायचा, तो पुरा करायचा, आणि पुढचा करार जिथे मनाजोगता मिळेल तिथे करायचा, असा मार्ग त्यांनी धरला. आज प्रत्येक नट असेच काम करतो. तेव्हा हे करणारे बोटांवर मोजण्याइतके होते, त्यात स्त्री आणि तीही दोन मुलांची जबाबदारी असलेली. वकिलाची मुलगी असण्याचा इथे उपयोग झाला असावा. कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचायचा असतो, हे संस्कार माहेरचे.

ही मोकळीक त्यांना थेट कलकत्त्याला घेऊन गेली. न्यू थिएटर्ससाठी देवकी बोस यांनी १९३३ मध्ये ‘राजराणी मीरा’ केला, आणि १९३४ मध्ये ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी ‘सीता’. दुर्गाबाई सीता, पृथ्वीराज कपूर राम. ‘सीता’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरवही झाला. परदेशी महोत्सवात पोहोचलेल्या अगदी पहिल्या भारतीय बोलपटांपैकी तो एक. देवकी बोस यांच्याच १९३५ च्या ‘इन्किलाब’मध्ये दुर्गाबाई आणि पृथ्वीराज पुन्हा एकत्र होते, आणि त्यात एका लहान मुलाने पडद्यावर पाऊल ठेवले. तो पृथ्वीराजांचा मुलगा राज. त्याची गाठ दुर्गाबाईंशी पुढे वेगळ्याच नात्याने पडायची होती.

कलकत्त्याहून परतल्यावर प्रभातचा ‘अमर ज्योती’ आला, १९३६ मध्ये. कंपनी एव्हाना पुण्यात स्थलांतरित झाली होती. दुर्गाबाईंच्या सगळ्या भूमिकांत एकच निवडायची म्हटली तर अनेक जाणकार ही निवडतील, आणि ती निवड योग्यच ठरेल. सौदामिनी ही समुद्री चाच्यांची नायिका. अन्यायी राज्यव्यवस्था तिला आईचा हक्क नाकारते, पोटच्या मुलाचा ताबा देत नाही, म्हणून ती जहाज घेऊन समुद्रावर निघते आणि स्त्रीला दासी मानणाऱ्या सत्तेविरुद्ध युद्ध पुकारते. समोर चंद्रमोहनसारखा भेदक डोळ्यांचा नट, सोबत शांता आपटे. कथेची मांडणी भडक आहे, वेशभूषा काल्पनिक आहे, आजच्या डोळ्यांना जहाजे खेळण्यातली वाटतील. तरीही आईच्या हक्कासाठी पेटलेली ती बाई खोटी वाटत नाही. हाही चित्रपट व्हेनिसला गेला. याच दशकाच्या उत्तरार्धात ‘साथी’ या चित्रपटाद्वारे त्या निर्मितीतही उतरल्या. निर्माती म्हणून नाव लावणाऱ्या भारतीय स्त्रिया त्या वेळी मोजक्याच होत्या.

वय वाढू लागले की नायिकेची किंमत उतरते, हा चित्रपटव्यवसायाचा जुना आणि निर्दय नियम. दुर्गाबाईंनी त्यावर एक साधा तोडगा काढला. नियम मोडण्याच्या भरीस न पडता त्यांनी वयाला साजेशा, पण कण्यावर उभ्या असलेल्या भूमिका निवडल्या. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’मध्ये (१९४१) त्यांनी सुनेला छळणारी सासू रंगवली तेव्हा त्या छत्तिशीच्या होत्या. तेव्हा नायिकेची कामे करणाऱ्या नटीने खाष्ट सासू व्हायचे म्हणजे परतीचे दोर कापण्यासारखे होते. प्रेक्षकांनी त्या सासूचा मनापासून राग केला, आणि याहून मोठी दाद नसते. पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये त्या कैकेयी झाल्या. आठ वर्षांपूर्वीची सीता आता तिलाच वनवासाला धाडणारी राणी! ‘पायाची दासी’च्या हिंदी आवृत्तीसाठी आणि ‘भरत मिलाप’साठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने त्यांना लागोपाठ दोन वर्षे गौरवले. सोहराब मोदींच्या ‘पृथ्वी वल्लभ’मध्ये (१९४३) कन्हैयालाल मुन्शी यांच्या कादंबरीतली मृणालवती त्यांच्या वाट्याला आली. मोदींच्या खणखणीत आवाजासमोर भले भले नट झाकोळून जात. मृणालवती झाकोळली नाही.

रंगभूमीकडे त्या उलट्या वाटेने आल्या. नाटकात नाव कमावून चित्रपटात जाणारे पुष्कळ होते. दुर्गाबाई चित्रपटात प्रतिष्ठा मिळाल्यावर नाटकात उतरल्या. ‘इप्टा’च्या चळवळीशी त्यांचा संबंध होताच, परंतु मराठी नाट्यरसिकांच्या स्मरणात राहिल्या त्या गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांमुळे. बोलपटांच्या लाटेत नाटक कंपन्या एकामागून एक बुडाल्या होत्या. संघाने महोत्सव भरवून जुन्या नाटकांना पुन्हा श्वास दिला. कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’त दुर्गाबाई आनंदीबाई झाल्या. नानासाहेब फाटक, केशवराव दाते यांसारखे रंगभूमीचे मुरलेले नट समोर, आणि पडद्यावरून आलेली ही बाई त्यांच्यात तोलामोलाने उभी. चित्रपटात चूक झाली तर पुन्हा घेता येते, माजघरात बोलल्यासारखा हळू आवाजही चालतो. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवावा लागतो. चाळिशीनंतर त्यांनी हे नव्याने साधले. १९५४ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य महोत्सवात ‘भाऊबंदकी’ वाखाणले गेले. त्याच सुमारास वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चे ‘राजमुकुट’ केले आणि हर्बर्ट मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाने ते साहित्य संघासाठी बसवले. त्यातील महत्त्वाकांक्षेने पेटलेली राणीही दुर्गाबाईंचीच. आनंदीबाई काय किंवा ही राणी काय, पुरुषाच्या हातून सत्तेसाठी अनर्थ घडवणाऱ्या या बायका. तारामतीच्या नटीला त्या दोघी इतक्या शोभाव्यात, यात तिच्या आवाक्याचा पुरावा आहे. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९५८ मध्ये मिळाला आणि १९६१ मध्ये मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद.

घरातले वादळ मात्र शमले नव्हते. दुसरा विवाह त्यांनी धर्माची भिंत ओलांडून केला. समाज काय म्हणेल याची भीती त्यांच्या बाबतीत ‘फरेबी जाल’च्या वेळीच वापरून झाली होती. खरा आघात पुढे यायचा होता. धाकटा मुलगा हरीन अकाली गेला. त्याची पत्नी विजया, म्हणजे पूर्वाश्रमीच्या विजया जयवंत, ‘रंगायन’च्या संस्थापकांपैकी एक आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीला वळण लावणाऱ्या दिग्दर्शिका. तिच्याही पदरी दोन लहान मुलगे. सासूच्या वाट्याला जे आले होते तेच सुनेच्या वाट्याला यावे, असा हा प्रसंग. सुनेने पुढे पुनर्विवाह केला आणि विजया मेहता या नावाने सारा देश तिला ओळखू लागला. नाटकाचे आणि चित्रपटाचे हे घराणे इतरही फांद्यांनी विस्तारले. दीर नंदू खोटे रंगभूमीवर आणि मूकपटांत होते, त्यांची मुले शुभा खोटे आणि विजू खोटे. ‘शोले’तला कालिया कोणाला ठाऊक नाही?

हिंदी चित्रपटांत एव्हाना दुर्गाबाई म्हणजे आई हे समीकरण बनले होते. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) त्या जोधाबाई झाल्या. पती आणि पुत्र यांच्या युद्धात मधोमध उभी असलेली राणी. अकबर होते पृथ्वीराज कपूर. ‘सीता’तले राम आणि सीता सव्वीस वर्षांनी असे पुन्हा समोरासमोर आले. मर्चंट-आयव्हरी यांच्या पहिल्या चित्रपटात, १९६३ च्या ‘हाउसहोल्डर’मध्ये, त्याच पृथ्वीराजांचा धाकटा मुलगा शशी नायक होता आणि त्याची आई दुर्गाबाई. हृषीकेश मुखर्जींच्या ‘आनंद’, ‘बावर्ची’ आणि ‘अभिमान’मध्येही त्या दिसतात. अनेक चित्रपटांत लेखकाने आईला दोन अश्रू आणि एक आशीर्वाद याखेरीज काही दिलेले नसे. पोटासाठी आणि शिस्तीसाठी त्यांनी तीही कामे केली, त्यांची यादी करण्यात अर्थ नाही. ‘बिदाई’तल्या (१९७४) आईसाठी मात्र त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

गोमंतकीयांसाठी यातला एक चित्रपट वेगळा काढायला हवा. ‘इन्किलाब’मधला तो लहानगा राज कपूर आता मोठा दिग्दर्शक झाला होता. १९७३ मध्ये त्याने ‘बॉबी’ काढला. नायिका बॉबी ब्रागांझा ही गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातली मुलगी, आणि तिला वाढवणारी आजी, मिसेस ब्रागांझा, म्हणजे दुर्गाबाई. श्रीमंताघरची आया म्हणून राबलेली म्हातारी गोवेकरीण. हिंदी चित्रपटाने गोव्याचा माणूस बहुतेक वेळा दारूची बाटली आणि गिटार यांच्या मध्ये बसवला आहे. ‘बॉबी’ही त्या दोषातून सुटलेला नाही, प्रेमनाथचा जॅक ब्रागांझा त्याची साक्ष. पण आजीच्या वागण्यात एक शालीन आब आहे. नातीच्या मालकाच्या मुलावरील प्रेमाने घाबरलेली, तरी मानाने जगणारी ही बाई. कांदेवाडीतल्या कोकणी घराची आठवण त्या आबामागे असेल, असे मानायला हरकत नसावी.

अभिनयाच्या बरोबरीने त्यांचा दुसरा उद्योग चालू होता, आणि याची चर्चा फार कमी होते. ‘फॅक्ट फिल्म्स’ या संस्थेमार्फत, आणि नंतर ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ या नावाने, त्या माहितीपट, लघुपट आणि जाहिरातपट काढत. यात झगमगाट नव्हता. वेळेवर काम, ठरलेल्या खर्चात काम, कारागिरांचे पैसे चुकते. नटीची लोकप्रियता ओसरली तरी बंद न पडणारा हा व्यवसाय होता. ज्या बाईने एकेकाळी महिनाअखेरीची चिंता पाहिली होती तिने म्हातारपणासाठी अशी तजवीज करावी, हे तिच्या स्वभावाला धरून होते.

याच संस्थेने १९८८ मध्ये दूरदर्शनसाठी ‘वागले की दुनिया’ ही मालिका दिली. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाला त्यात घर, बायको-मुले आणि वागळे हे आडनाव मिळाले. आडनाव अस्सल आपल्याकडचे. दिग्दर्शन कुंदन शाह यांचे, श्रीनिवास वागळे झाले अंजन श्रीवास्तव आणि त्यांची पत्नी राधिका झाल्या भारती आचरेकर. रामायण-महाभारताच्या भव्य मालिकांचा तो काळ. त्या गर्दीत एका कारकुनाच्या घरातला साधा पेचप्रसंग घेऊन ही मालिका आली आणि घराघरांत आपलीशी झाली. निर्माती दुर्गाबाई त्या वेळी त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. तारामती, सीता, कैकेयी, जोधाबाई अशा राण्या आयुष्यभर साकारलेल्या या बाईने दूरचित्रवाणीवर राजा-राणीचे काही न आणता महिन्याचा पगार पुरवून वापरणाऱ्याची गोष्ट आणली. २०२१ मध्ये त्याच नावाची नवी मालिका सुरू झाली तेव्हा श्रीवास्तव आणि आचरेकर हे त्यात पुन्हा वागळे दांपत्य होते, आता आजोबा-आजी झालेले.

पद्मश्री त्यांना १९६८ मध्ये मिळाली. चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च मानाचा दादासाहेब फाळके पुरस्कार १९८३ चा. तत्पूर्वी १९८२ मध्ये ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. शांता गोखले यांनी त्याचे इंग्रजी भाषांतरही केले. मराठीत नटनट्यांची आत्मचरित्रे थोडी नाहीत, पण आपल्या चुका, पैशांची ओढाताण आणि नात्यांतले तडे एवढ्या सरळपणे मांडणारी फार नाहीत. स्वतःला देवी करून घेण्याची सोय त्यांना उपलब्ध होती. ती त्यांनी वापरली नाही.

अखेरची वर्षे त्यांनी मुंबईच्या गजबजाटापासून दूर, समुद्राकाठच्या अलिबागला काढली. २२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतीय चित्रपटाला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २०१३ मध्ये, टपाल खात्याने पन्नास चित्रपटकर्मींची तिकिटे काढली. त्यांतल्या एका तिकिटावर दुर्गाबाई आहेत.